गाडी मी चालवत होते, विलास

विलास,

चारचौघांत 'अहो' आणि घरात 'अरे', ही आपली लग्नापासूनची रीत. हे चारचौघं वाचतील, तरी आज मी 'अरे'च म्हणणार आहे. 'अहो' म्हणून नीट भांडता येत नाही, आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे.

लोक येतात, सतरंजीवर बसतात आणि म्हणतात, किती हसतमुख माणूस, जिथं जाईल तिथं मैफल जमवायचा. मी मान डोलावते. खरं म्हणजे मला हातातला पेला जमिनीवर आपटावासा वाटतो. कोणी गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाही, हे मला समजतं. पण मी तुझ्यासोबत तीसेक वर्षं राहिले आहे. तेवढा हक्क माझा असावा.

पहाडात जायचं तुझंच खूळ. तुझं सगळं आयुष्य गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलं. गिऱ्हाइकं लडाखला जाऊन यायची, काउंटरवर फोटो दाखवायची, आणि तू घरी येऊन मला ते रस्ते असे सांगायचास जणू तूच फिरून आलास. आपण दोघं मात्र नागपूरबाहेर पडायचो ते लग्नांना, नाहीतर खाप्याला, तुझ्या थोरल्या भावाच्या, दादांच्या संत्र्याच्या बागेत. मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात तू तंबू घेऊन आलास. हॉटेल नाही, म्हणालास, नदीकाठी राहायचं, स्वतः शिजवून खायचं. मे महिन्यात नंदनवनमधल्या आपल्या घरात, हॉलमध्ये सोफा सरकवून तू तो तंबू उभा केलास आणि मला आत झोपून बघायला लावलंस. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि मी तंबूत आडवी. तू दाराशी उकिडवा बसून विचारत होतास, "कसं वाटून राहिलं?"

उकडून राहिलं, मी म्हणाले. तू इतका हसलास की शेजारच्या वहिनी बघायला आल्या.

मग सीताबर्डीत जाऊन आपण लोकरीचे मोजे आणि आतून घालायचे गरम कपडे घेतले. दुकानदाराला माळ्यावरून गठ्ठा काढावा लागला. "काकाजी, तब्येत बरी आहे ना?" असं त्यानं तुला विचारलं होतं. ते तू वर्षभर सगळ्यांना सांगितलं असतंस. तुला वर्षभर मिळालं नाही.

प्रवास सुंदर झाला, हे मी नाकारत नाही. रागात असले तरी खोटं बोलणार नाही. तो तुझा प्रांत. हिमाचलातल्या सांगल्याला बास्पा नदीच्या काठी आपण तंबू लावला. सकाळी मी बाहेर आले तर समोरचा बर्फाचा डोंगर वरून खाली हळूहळू उजळत होता, आणि तू दोन दगडांच्या आडोशाला छोटा गॅस लावून पोहे करत होतास. कांदा जाड चिरलेला, हळद जास्त. गुडघ्यांमुळे मला वाकता येत नव्हतं, म्हणून तू माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्यास आणि मान वर न करता म्हणालास की आपण हे पंधरा वर्षं आधी करायला पाहिजे होतं. मी म्हणाले, आता दरवर्षी करू. तू 'हाव' म्हणालास. त्या 'हाव'वर मी विश्वास ठेवला.

स्टिअरिंग मात्र तू सोडलं नाहीस. मी नागपुरात कितीतरी वर्षं स्वतः गाडी चालवत शाळेत गेले, वर्धा रोडच्या ट्रकांच्या गर्दीतून गेले. पण तू शेजारी असलास की किल्ली तुझ्याकडे. घाटात कशाला रिस्क, म्हणायचास. तुझी पाठ दुखत होती, वळणावर दम लागत होता. मी दोनदा म्हणाले, दे मला. तू रेडिओचा आवाज वाढवलास.

काझ्याहून खिंड ओलांडून आपण चंद्रतालला पोहोचलो. तळ्यापासून दूर, जिथं परवानगी होती तिथं तंबू लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तू बाहेर चटईवर बसला होतास. सगळीकडे दहिवर गोठलेलं, आणि तुझ्या कपाळावर घाम. डावा हात छातीशी. चेहरा राखेसारखा. गॅस झाला आहे, म्हणालास. पाणी दिलं तर उलटी झाली. मग तू काही बोललाच नाहीस, आणि तू बोलत नाहीस म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

फोनला रेंज नव्हती. शेजारी पंजाबातलं एक तरुण जोडपं होतं, मोटरसायकलवर आलेलं. त्यांना चारचाकी येत नव्हती. त्यांनी तुला धरून गाडीत बसवलं, सीट मागं पाडली, आणि त्या मुलीनं मला एक गोष्ट नीट समजावली: लगेच निघा, कारण वाटेत नाले आहेत, आणि ऊन चढलं की बर्फ वितळून त्यांचं पाणी वाढतं, दुपारी ते ओलांडता येत नाहीत. तंबू, भांडी, सगळं तसंच सोडून मी किल्ली घेतली. या वेळी तू नाही म्हणाला नाहीस.

तो रस्ता मी तुझ्यासाठी पुन्हा सांगते, कारण तू तो फार वेळा चुकीचा सांगितला आहेस. रस्ता असा नव्हताच. दगड होते, त्यांच्यामधून चाकांनी केलेली वाट होती, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खूप खाली नदी. समोरून ट्रक आला की कोणीतरी मागं जायचं. मी मागं गेले, दरीच्या बाजूनं, आरशात बघत, आणि तू डोळे मिटून कण्हत होतास. मी रडले नाही. रडायला दोन्ही डोळे मोकळे लागतात.

मोठा नाला आला तेव्हा पाणी अजून सकाळचंच होतं, तरी त्याचा आवाज इंजिनापेक्षा मोठा. पलीकडे एक गाडी थांबलेली. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि थांबले. तेव्हा तू डोळे उघडलेस. श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द काढत होतास.

"फर्स्टले टाक. पाण्यात थांबू नको. क्लच दाबू नको, फक्त जा."

मी गेले. मधोमध एका दगडावर चाक चढलं, गाडी कलली, पाणी दाराला लागलं. मी पाय उचलला नाही. पलीकडे आल्यावर थांबले. तुझा हात गिअरवरच्या माझ्या हातावर आला. बर्फासारखा थंड.

"मंदा," तू म्हणालास, "भारी चालवून राहिली वं तू."

बस. एवढंच. हे वाक्य जगात फक्त मी ऐकलं आहे, विलास. लग्नात तू मला जे काही दिलंस त्यात हे सर्वांत वर ठेवावं असं मला तेव्हा वाटलं. आणि आज याच वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. कारण तुला माहीत होतं. तू पाहिलं होतंस.

मनालीच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईनं तुला ऑक्सिजन लावला, कार्डिओग्राम काढला. तुला जरा बरं वाटल्यावर तिनं आपल्या दोघांसमोर स्पष्ट सांगितलं: उंचीवरची हवा हे अर्धंच कारण आहे, हृदयाचा आलेख ठीक नाही, खाली उतरून सगळ्यात आधी अँजिओग्राफी करा, वाट बघू नका. तिचा चेहरा गंभीर होता. तू तिला विचारलंस की तिला संत्री आवडतात का, खाप्याहून पेटी पाठवतो. ती हसली. तू लोकांना हसवायचास, विलास, आणि लोक विसरून जायचे की ते काय सांगत होते.

चंदीगडला दाखवू म्हटलं तर, आपल्या गावी दाखवू म्हणालास. दिवसभर चालवायची, मुक्काम करायचा, असं करत मी गाडी खाली आणली. सावनेरला चहाला थांबलो. घर आता तासाभरावर. चहा पिऊन तू उठलास, माझ्यासमोरून किल्ली उचललीस आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसलास. मी भर हॉटेलसमोर भांडले. तू म्हणालास, "इथं तर सगळा सरळ रस्ता आहे, काहून घाबरून राहिली?" नंदनवनच्या आपल्या गल्लीत तू हॉर्न वाजवत शिरलास. गल्लीनं तुला गाडी चालवत येताना पाहिलं. तिथून पुढची गोष्ट तयार झाली.

आधी मला वाटलं, गंमत करतोस. शेजाऱ्यांना तू सांगितलंस की तळ्यावर थोडी हवा लागली, मग तशाच अवस्थेत तू गाडी मनालीपर्यंत हाणली, आणि मी शेजारी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी म्हणाले, गाडी मी चालवली. तू लगेच म्हणालास, "हाव ना, मनालीच्या बोगद्यात चालवली तिनं. सरळ होता." पुन्हा सगळे हसले. दर वेळी गोष्ट वाढत गेली. नाल्याचं पाणी काचेपर्यंत आलं. ट्रक दोन झाले. दरीच्या कडेनं गाडी मागं तू घेतलीस.

एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. नवऱ्यांच्या गोष्टी कोणती बाई खोडत बसते. पण मी ऋतूला पुण्याला फोन केला. एकुलती एक पोर, तुझ्यावर जीव टाकणारी. तिला सगळं सांगितलं, डॉक्टरबाई काय म्हणाली तेही. म्हणाले, तुझा बाबा तपासणीला जात नाही, तू सांग, तुझं ऐकेल. तिनं तुला ताबडतोब फोन लावला. तू तो स्पीकरवर ठेवलास, माझ्यासमोर. आणि काय म्हणालास?

"अवं ऋतू, तुयी आई घाटात भ्याली, तेच्याच धक्क्यात आहे अजून. मले सांग, ज्याचं हार्ट खराब आहे तो माणूस तो रस्ता चालवू शकते का?"

मग तिचा आवाज हलका झालेला मला ऐकू आला. मी फोन ओढून घेतला, ओरडले की हा खोटं बोलतो आहे, गाडी मी चालवली. ती म्हणाली, "तुम्ही दोघं पण ना." गाडी कोण चालवणार यावर आपण तिच्या लहानपणापासून भांडत आलो होतो. तिला वाटलं हे तेच.

बघ तू काय केलंस. माझी गोष्ट घेतलीस, आणि तिचाच पुरावा करून माझं तोंड बंद केलंस. घाबरट बाईचं कोण ऐकतं?

तरी मी सोडलं नाही. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्या सकाळी तू मी उठायच्या आत खाप्याला निघून गेलास. पुन्हा वेळ घेतली, तेव्हा दुकानात माल यायचा होता. दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, अवं त्यानं पहाडातून गाडी उतरवली, त्याले काय होते. मी जेवण बंद करून पाहिलं. तू शेजारी बसून मला भरवलंस आणि म्हणालास, दिवाळी होऊ दे.

कशाला इतका हट्ट, ते मला माहीत होतं. तुझ्या बाबांना छातीत कळ आली म्हणून नागपूरला भरती केलं होतं, तू तेव्हा कॉलेजात. ते पायी चालत वॉर्डात गेले आणि परत आले नाहीत. तू कधी त्यावर बोलला नाहीस. पण नातेवाइकांना भेटायलाही तू दवाखान्याच्या दारातून आत यायचा नाहीस, बाहेर पानठेल्यावर थांबायचास. मला ठाऊक होतं म्हणून तर राग जास्त येतो. मी तुझ्यासोबत आत आले असते. पूर्ण वेळ हात धरून बसले असते, तिथल्या नर्सेसनी हाकललं असतं तरी.

दिवाळीच्या साफसफाईत तू खिडकीचा कूलर उतरवायला घेतलास. दरवर्षी दुकानातली दोघंजण येऊन उतरवतात. मी म्हणाले, रविवारी ते येणार आहेत, हात लावू नको. मी आत कणीक मळत होते. पत्र्याचा आवाज आला. तू खाली बसला होतास, भिंतीला टेकून, कूलर अर्धा स्टँडवर, अर्धा बाहेर. या वेळीही मीच गाडी काढली. शेजारच्या भाऊंनी तुला मागं धरलं होतं. दवाखाना जवळ होता, रस्ता सरळ होता. तू काहीच म्हणाला नाहीस.

परवा तुझी तेरवी झाली. जेवणं आटोपली, दूरचे पाहुणे गेले. दादा आणि घरचे चारदोन जण बाहेर ओट्यावर बसले. मी आणि ऋतू आत भांडी लावत होतो. बाहेर दादा नव्यानं आलेल्या कोणाला तरी सांगत होते: छातीत दुखून राहिलं, तरी पठ्ठ्यानं नाल्यातून गाडी काढली. ऋतूनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. आल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मला वाटत होतं, दुःखानं. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "आई, त्या दिवशी गाडी खरंच कोणी चालवली?"

मी खोटं सांगू शकले असते. 'तुझ्या बाबांनी' म्हटलं असतं तर तुझी गोष्ट कायमची तुझी झाली असती. पोरीकडे तिचा शूर बाप राहिला असता. एक क्षण मला तसं करावंसंही वाटलं, खरंच. पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला उत्तर माहीत आहे, आणि ती तेरा दिवस ते एकटी उचलून फिरते आहे.

"मी," मी म्हणाले.

ती स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ टेकून खालीच बसली. म्हणाली, तू सांगितलं होतंस. तू फोनवर ओरडून सांगितलं होतंस. मी आले असते, मी हात धरून नेलं असतं बाबांना. हेच पुन्हा पुन्हा. मी तिच्याजवळ बसले, गुडघे दुखत होते तरी. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तुझी बाजू अजिबात घेतली नाही.

"तू तुझ्या बापाचं ऐकलंस," मी तिला म्हणाले. "पोरीनं बापाचं ऐकलं यात काही चूक नाही. बाप खोटं बोलला. हे त्याचं आहे, ऋतू. तुझं नाही, माझंही नाही."

सगळं तुझ्यावर टाकलं, विलास. जाणूनबुजून. तुला आता त्याचं ओझं होणार नाही आणि तिला तिचं सगळं आयुष्य काढायचं आहे.

ती बराच वेळ रडली. मग उठली, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि पदराला हात पुसतात तसे माझ्या साडीला हात पुसून सरळ बाहेर गेली. मला वाटलं, हवेला गेली. तिचा आवाज ऐकू आला, स्वच्छ, थोडा तुझ्यासारखाच.

"मोठे बाबा, गाडी आईनं चालवली होती. पूर्ण. नाल्यातून पण."

मी दारात जाऊन उभी राहिले. दादांनी माझ्याकडे पाहिलं, तुझे ते थोरले भाऊ, ज्यांच्यासमोर मी आजवर डोक्यावरचा पदर पडू दिला नाही.

"हाव का, मंदा?"

"हाव, दादा."

ते हातातल्या टोपीकडे बघत राहिले. तुझ्याबद्दल त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, मलाही ते नको होतं. शेवटी अगदी हळू त्यांनी विचारलं, "मंग त्यानं आमाले असं काहून सांगितलं?"

किती दिवस मी या प्रश्नाची उत्तरं मनात घोळवली होती. अहंकार, हट्ट, पुरुषपणा, सगळं तयार होतं. पण तोंडून वेगळंच निघालं.

"त्याले भेव वाटून राहिलं होतं, दादा."

एवढंच तू म्हणायचं होतंस, विलास. ओट्यावर नाही, लोकांत नाही. मला. स्वयंपाकघरात, पाठमोरा उभा राहून म्हणाला असतास तरी चाललं असतं. मी हातातलं टाकून किल्ली घेतली असती.